मोडक्या पाचाचा ठसा

आमच्या प्रयोगशाळेत ताण-यंत्रावर काम करणाऱ्या बाईंना सगळे ताईच म्हणायचे. साहेब त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, पण तेही ताईच म्हणायचे. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून अहवाल टाइप करते. गेली अकरा वर्षं आम्हा दोघींमध्ये एक टेबल, एक पंखा आणि कपाटाची एक चावी सामाईक आहे. त्यामुळे त्यांच्याबद्दल मला जे माहीत आहे ते थोडं डोळ्यांनी पाहिलेलं आणि बाकीचं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांपैकी निम्म्याहून जास्त एमएसचे, म्हणजे माइल्ड स्टीलचे असतात. आपण घरात सरसकट ज्याला लोखंड म्हणतो, ते फाटक, जिना, पाण्याची टाकी, पत्र्याची शेड, ते बहुतेक सगळं हेच. कमी कार्बनचं पोलाद. शंभर भागांत कार्बन पाव भागसुद्धा नाही. स्वभावाने मऊ; वाकवा, ठोका, वेल्डिंग करा, तक्रार करत नाही. फक्त तापवून पाण्यात बुडवलं तर कडक होईल ही आशा त्याच्याकडून धरायची नाही, आणि रंग नीट लावला नाही तर गंजल्याशिवाय राहायचं नाही. हे सगळं ताईंचं बोलणं. मी नोकरीला लागले तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला यंत्राजवळ उभं केलं होतं.

नमुना म्हणजे बोटाएवढ्या जाडीची, मध्ये कातून बारीक केलेली सळी. ताईंनी तिच्यावर दोन खुणा केल्या, दोन्ही टोकं यंत्राच्या जबड्यांत पकडली आणि यंत्र सुरू केलं. काटा सरसर चढत गेला आणि एका जागी थबकला. थोडा मागेही आला.

"थांबलं की हो," मी म्हणाले.

"काटा थांबलाय. सळी थांबलेली नाही, ती लांबतेय. एमएसचं हे असंच असतं. इथपर्यंत सोडून दिलंस तर परत होती तेवढी होते. इथून पुढे गेली की गेली."

मग काटा पुन्हा चढायला लागला, वर जाऊन रेंगाळला, सळीची कंबर मध्येच बारीक झाली आणि 'टक' असा आवाज होऊन दोन तुकडे झाले. ताईंनी एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. तो चांगला कोमट होता. मी दचकले तेव्हा त्या हसल्या. मग दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटवून धरून त्यांनी खुणांमधलं अंतर मोजलं आणि वहीत लिहिलं, लांबी सव्वीस टक्क्यांनी वाढली.

ताईंचं लग्न झालेलं नव्हतं. आईबरोबर दोन खोल्यांत राहायच्या. खाली रस्त्यालगत एक बंद गाळा होता, तिथे पूर्वी त्यांच्या वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत बढतीवर जायची संधी त्यांना दोनदा आली आणि दोन्ही वेळा त्यांनी नाही म्हटलं. साहेबांनी कारण विचारलं तर म्हणाल्या, आईला नवीन जागा मानवणार नाही. आईला विचारलं असतं तर ती कदाचित म्हणाली असती की मला कुणी विचारलंच नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या एका बुधवारी त्या नेहमीसारख्या नमुने मांडत होत्या. सहा नमुन्यांचा गठ्ठा होता. प्रत्येकाच्या टोकावर आकडे ठोकलेले असतात, पोलादी पंच ठेवून वरून हातोडीचा एक ठोका. ताईंनी एक नमुना उचलला, खिडकीपाशी नेला, भिंग लावून पाहिला. मग दुसरा, मग तिसरा. मग खुर्चीत बसल्या. काम करताना त्या कधी बसत नसत.

"हे नमुने कुणाचे आहेत?" त्यांनी मला विचारलं.

मला हसूच आलं. नमुना कुणाचा हे तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. पार्टीचं नाव फक्त माझ्या आणि साहेबांच्या कागदांवर असतं. चार वर्षांपूर्वी मी चुकून एक नाव मोठ्यानं वाचलं तेव्हा ताईच मला फाडफाड बोलल्या होत्या.

"ताई, तुम्ही विचारताय हे?"

"हो. विचारतेय."

त्यांचा चेहरा पाहिला आणि मी सांगून टाकलं. बसने चार तासांवरच्या एका गावातलं वर्कशॉप होतं, कुंपणाचे खांब आणि शेतीची अवजारं बनवणारं. ताईंनी मला खिडकीपाशी बोलावलं. "हा पाच बघ." भिंगातून मला दिसलं की पाचाच्या डोक्यावरची आडवी रेघ अर्धीच होती, पंचाचा टवका उडाल्यासारखी. सहाही नमुन्यांवर तसाच पाच.

"आमच्या बाबांचा पंच आहे हा," ताई म्हणाल्या. "माझ्यासमोर पडला होता फरशीवर. दादा घर सोडून गेला तेव्हा आकड्यांच्या पंचांची डबी घेऊन गेला. सव्वीस वर्षं झाली."

दुपारी कप विसळताना त्यांनी मला सगळं सांगितलं. नळ चालूच ठेवला होता, त्यामुळे मला जवळ जाऊन ऐकावं लागत होतं.

त्यांचा भाऊ त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठा. सतराव्या वर्षी लेथवर उभा राहिला आणि एकोणिसाव्या वर्षी वडिलांपेक्षा चांगलं काम करायला लागला. वडील हे तोंडाने कधी बोलले नाहीत, पण अवघड काम आलं की स्वतःच्या चष्म्याची तक्रार करून त्याच्याकडे सरकवायचे. वर्कशॉपमध्ये दोन मांडण्या होत्या. एमएसच्या बारांच्या, म्हणजे लांब सळ्यांच्या, टोकांना लाल रंग, जास्त कार्बनच्या कडक बारांच्या टोकांना निळा. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून रंग. रंग लावायचं काम दादाचं.

ताई तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. शाळेत विद्युतचुंबक करून न्यायचा होता. दादानेच सांगितलं होतं की त्याला मऊ लोखंड लागतं. तार गुंडाळून वीज सोडली की चुंबक होतं आणि वीज बंद केली की सोडून देतं. कडक पोलाद एकदा धरलं की धरून बसतं. तो सकाळी माल पोचवायला गेला होता. ताईंनी लाल टोकाचा एक बार ओढला आणि हॅकसॉने घाम गाळत टोकाचा बोटभर तुकडा कापला. मग लक्षात आलं की रंग त्या तुकड्याबरोबर गेला. बाबांना कापलेलं टोक दिसलं असतं तर खैर नव्हती. लाल रंगाच्या डब्याचं झाकण घट्ट बसलेलं, काही केल्या निघेना. निळा डबा उघडाच होता.

"मी म्हटलं, आज निळा लावू, उद्या दादाकडून झाकण काढून घेऊ आणि वरून लाल मारू," ताई म्हणाल्या. "आणि विसरले. चुंबकाने अकरा खिळे उचलले. वर्गात पहिला नंबर आला. मग मी विसरणार नाही तर काय."

निळं टोक दिसलं म्हणून तो बार कुणीतरी निळ्या मांडणीवर नेऊन ठेवला. पंधरा दिवसांनी दादाने त्यातून उचलणीच्या यंत्राच्या पिना कातल्या. कडक बारच्या पिना हव्या होत्या. महिन्याभरात भार येऊन एक पीन वाकली आणि यंत्राचा दांडा खाली आला. खाली कुणी नव्हतं हे नशीब. गिऱ्हाईक ती वाकलेली पीन घेऊन आलं आणि चार माणसांसमोर टेबलावर ठेवली. बाबांनी ती ग्राइंडरला लावली. ठिणग्या लांब, पिवळसर, फारशा न फुटणाऱ्या. कडक बारच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात. बाबांना दुसरं काही बघायची गरज नव्हती.

"रंग कुणी लावला?"

"मी," दादा म्हणाला. बाकी कोण लावणार होतं?

"आणि कातताना हाताला कळलं नाही तुझ्या?"

बाबा मग खूप बोलले, माणसांसमोर बोलले, आणि शेवटी म्हणाले की माझ्या लेथला हात लावू नकोस. ताई जिन्यात उभ्या होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं आणि समजतही होतं. सकाळी दादा नव्हता.

बाबा आठ दिवस म्हणत राहिले, गेला तर गेला, माझे आकडे कशाला नेले. नंतर तेही म्हणायचे थांबले. नऊ वर्षांपूर्वी वारले. त्याआधी पाच महिने अंथरुणावर होते. त्या पाच महिन्यांत रोज ताई त्यांच्या उशाशी बसल्या, आणि रोज सांगायचं राहिलं.

"कपाला किती वेळ पाणी घालतेस," ताई मला म्हणाल्या आणि नळ बंद केला.

त्या सरळ साहेबांकडे गेल्या. नमुना कुणाचा हे विचारलं, नियम मोडला, टाइपिस्टचा दोष नाही, असं सगळं सांगितलं. भावाचंही सांगितलं. साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट एकदा फिरवला. मग म्हणाले, "रजा घ्या आणि जाऊन या. पण ताई, त्या वर्कशॉपचे नमुने यापुढे तुम्ही तपासायचे नाहीत."

"तेच सांगायला आले होते," ताई म्हणाल्या.

शनिवारी त्या गेल्या. डबी विकली गेली असेल, पंच दुसऱ्याच कुणाच्या हातात असतील, असं बसमध्ये स्वतःला समजावत गेल्या. वर्कशॉप हमरस्त्याच्या मागे होतं. चार लेथ, पुढे अंगणात लोखंडाचा ढीग, दारात मालक. ताईंनी टर्नरबद्दल विचारलं तर मालक हसला. "आमच्या मास्तरांकडे काम आहे? मग जरा थांबावं लागेल. ते प्रत्येक बारची ठिणगी बघतात, मग लेथवर चढवतात. कारखान्याचं प्रमाणपत्र बरोबर असलं तरी बघतात. आम्ही सांगून थकलो."

ताईंना तो दुसऱ्या लेथपाशी दिसला. केस पांढरे झाले होते आणि बरेच गेले होते, पोट सुटलं होतं, नाकावर चष्मा होता. पण उभा होता तसाच, सगळा भार डाव्या पायावर टाकून.

"कोण पाहिजे?" त्याने वर न बघता विचारलं.

"दादा," ताई म्हणाल्या.

त्याने यंत्र बंद केलं. सळी पकडून फिरणारा चक लगेच थांबत नाही. तो पूर्ण थांबेपर्यंत दोघं त्याच्याकडेच बघत राहिले.

मागच्या बाजूला एका उलट्या खोक्यावर त्याने ताईंना बसवलं आणि स्वतः समोर उकिडवा बसला. आधी हात पुसत राहिला. पुसून झाले तरी पुसत राहिला.

"बाबा गेले," ताई म्हणाल्या.

"कळलं होतं. एक गिऱ्हाईक तिकडचं होतं. आई?"

"आहे. डोळ्यांना फारसं दिसत नाही. आवाजावरून ओळखते."

"तू काय करतेस?"

"पोलाद तपासते. तुझे नमुने माझ्याच यंत्रावर आले होते."

त्याला ते ऐकून बरं वाटलं असावं. थोडा सैल झाला. लग्न केलं नाही म्हणाला, जमलं नाही. दोन-तीन गावं फिरून इथे आला त्याला चौदा वर्षं झाली. ताईंनी विचारलं, एवढ्या वर्षांत एकदाही का आला नाहीस.

"कोणत्या तोंडाने येऊ?" दादा म्हणाला. "बाबांनी विचारलं ना, हाताला कळलं नाही का. कळलं होतं गं. बार मऊ लागत होता, कातण लांबच्या लांब निघत होती, गुंता होत होता. कडक बारची कातण तुटून पडते. दोनदा यंत्र थांबवलं मी. पण टोकाला निळा रंग होता आणि रंग मी लावलेला. म्हटलं, माझा हात चुकत असेल. कुणी खाली उभं असतं तर मेलं असतं त्या दिवशी. माझ्या विसराळूपणापायी."

मग ताईंनी सांगितलं. चुंबक, हॅकसॉ, घट्ट झाकण, निळा डबा, सगळं क्रमाने सांगितलं. त्या मला म्हणाल्या की सव्वीस वर्षं मनात एवढ्या वेळा म्हणून पाहिलं होतं की सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

दादा उकिडवा होता तो खाली जमिनीवर टेकला. ताईंना वाटलं ओरडेल. ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

"तुझी परतीची गाडी किती वाजता आहे?" त्याने विचारलं.

"साडेचार."

"चल, सोडतो."

त्याने ताईंची पिशवी उचलली. थांब्यापर्यंतचा रस्ता अर्ध्या तासाचा होता. गाडी दिसायला लागली तेव्हा त्याने विचारलं, "बाबांना सांगितलं होतंस?"

"नाही."

"शेवटी शेवटीसुद्धा?"

"नाही."

त्याने पिशवी खिडकीतून आत दिली आणि गाडी हलायच्या आत वळून चालायला लागला.

घरी येऊन ताईंनी आईला सगळं सांगितलं, यावेळी काही मागे न ठेवता. आई भाजी निवडत होती, हातांनी चाचपत. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "अकरा वर्षांची होतीस तू." जरा वेळाने म्हणाली, "पण मग बारा वर्षांची झालीस. वीस वर्षांची झालीस." आणि निवडलेली भाजी बाजूला सारून आत जाऊन पडली. दोन दिवस ताईंशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी मात्र विचारायला लागली, कसा दिसतो, चष्मा केवढा आहे, डबा कोण करून देतं त्याला. ताईंना यातलं निम्मंसुद्धा सांगता येईना.

त्यानंतर चार महिने गेले. दादाचा फोन नाही, पत्र नाही. वर्कशॉपचा नंबर ताईंकडे होता. दोनदा फिरवला आणि मालकाचा आवाज ऐकून ठेवून दिला. नमुने मात्र दर महिन्याला येत. ते आता कडकपणा तपासणारे काका लावायचे. ताई आपल्या टेबलापाशी उभ्या राहून लांबून बघायच्या. काटा थबकला की त्यांचा श्वासही थबकल्यासारखा व्हायचा, मला शेजारून कळायचं. काका नोंद झाली की तुटलेले तुकडे डब्यात ठेवायच्या आधी मिनिटभर ताईंच्या टेबलाच्या कडेला ठेवायचे आणि चष्मा पुसत बसायचे. नियम काकांनाही ठाऊक होता. ताई तुकड्यांना हात लावत नसत.

एकदा मी न राहवून म्हणाले, "ताई, तुम्हीच परत जा की."

"मी गेले आणि त्याने परत थांब्यावर आणून सोडलं तर?" त्या म्हणाल्या. "आता त्यालाच यावंसं वाटू दे."

पाचव्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तो आला. सकाळी अकराला जिन्यात पावलं वाजली. आईने खोलीतूनच विचारलं, कोण आहे. दाराशी तो म्हणाला, "मी आहे." आईला त्याचा आवाज ओळखता आला नाही, तो एकोणिसाव्या वर्षीचा राहिला नव्हता. ताईंना सांगावं लागलं, "आई, दादा आलाय."

आईने त्याला जवळ बसवून घेतलं. तोंडावरून, खांद्यांवरून, दंडांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती वाळलास रे." तो चांगला ऐसपैस माणूस. त्याला आधी हसू आलं आणि मग त्याने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. ताई स्वयंपाकघरात गेल्या. तिथे करण्यासारखं काही नव्हतं, सगळं झालेलं होतं. त्यांनी धुतलेली पातेली पुन्हा धुतली.

जेवताना तो आईशी बोलला. ताईंशी बोलला ते कामाचं.

"नमुने कसे येतात माझे?"

"मी लावत नाही. नियम आहे. पण पंचवीसच्या वर लांबतात, सव्वीसही येतात."

"मग बार चांगला आहे," तो म्हणाला आणि आईच्या पानात भात वाढला.

दुपारी तो एकटाच खाली गेला, गाळ्याचं कुलूप उघडून आत उभा राहिला. लेथ बाबांच्या पश्चात विकला होता. जमिनीत त्याच्या पायांचे चार बोल्ट तेवढे होते. ताई जिन्यात आल्या, पण खाली उतरल्या नाहीत. तो वर आला तेव्हा त्यांच्याजवळून जाताना थांबला. काही म्हणेल असं त्यांना वाटलं. तो म्हणाला, "कुलूप कुरकुरतंय. तेल घालायला हवं."

आता तो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो. आई शुक्रवारपासून वार विचारते. चष्मा केवढा आहे हे तिने आता बोटांनी मोजून ठेवलंय. लहानपणी दादा ताईंना बारकी म्हणायचा, असं आईनेच मला एकदा सांगितलं. अजून त्या नावाने त्याने हाक मारलेली नाही, अगं म्हणतो. ताई सोमवारी कामावर येतात तेव्हा मी काही विचारत नाही. त्या आपणहून एखादी गोष्ट सांगतात, एखादीच. त्याला थंडीत गुडघा दुखतो. वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचतो. बस लागते म्हणून खिडकीशी बसतो.

पहिल्या रविवारनंतरच्या सोमवारी त्यांनी जे सांगितलं ते मात्र माझ्या चांगलं लक्षात आहे. त्यांनी त्याला चहा दिला होता, पूर्वी त्याला लागायचा तसा, दोन चमचे साखर घालून. तो अर्धा प्यायला आणि कप खाली ठेवला. आईने विचारलं, काय झालं. म्हणाला, काही नाही, साखर सोडलीय, आठ वर्षं झाली.

"आठ वर्षं," ताई म्हणाल्या. "आणि मी भरून दोन चमचे घातले."

मग त्यांनी यंत्राचे जबडे पुसायला घेतले. दहा वाजताचे नमुने येऊन पडले होते.